जागा सोडलेलं ब्रेस्ट इम्प्लांट: दुरुस्तीच्या शस्त्रक्रियेत नेमकं काय दुरुस्त होतं?

1962 साली अमेरिकेतल्या ह्यूस्टन शहरात थॉमस क्रोनिन आणि फ्रँक जेरो या प्लॅस्टिक सर्जननी टिमी जीन लिंडसे नावाच्या स्त्रीच्या छातीत सिलिकॉन जेलची इम्प्लांट बसवली. जगातली ती पहिली. बाई खरं तर अंगावरचा टॅटू पुसून घ्यायला गेल्या होत्या, पण ती गोष्ट वेगळी. त्या सुरुवातीच्या इम्प्लांटच्या पाठीवर डेक्रॉन कापडाच्या चकत्या लावलेल्या असत. शरीरातल्या पेशी कापडात शिरतील, इम्प्लांट छातीला चिकटून राहील आणि जागचं हलणार नाही, असा त्यामागचा विचार होता. ते चिकटलं, पण भोवतीचा भाग दगडासारखा कडक व्हायला लागला. 1970च्या दशकात नवी इम्प्लांट आली ती चकत्यांशिवाय.

म्हणजे इम्प्लांट सरकण्याची काळजी इम्प्लांटइतकीच जुनी आहे. धरून ठेवावं तर कडक होतं, मोकळं सोडावं तर सरकतं. दुरुस्तीच्या आजच्या सगळ्या पद्धती याच दोन टोकांच्या मधे कुठेतरी बसतात.

इम्प्लांटला धरून काय ठेवतं?

अनेकींना वाटतं की डॉक्टर इम्प्लांट आत टाक्यांनी शिवून ठेवतात. तसं नसतं. सर्जन स्तनाच्या मागे किंवा छातीच्या मोठ्या स्नायूखाली एक कप्पा तयार करतात आणि इम्प्लांट त्यात ठेवतात. पुढच्या काही आठवड्यांत शरीर या परक्या वस्तूभोवती तंतुमय पेशींचं एक पातळ आवरण विणतं. डॉक्टर त्याला कॅप्सूल म्हणतात. हे आवरण प्रत्येकीच्या शरीरात तयार होतं, तो आजार नाही. कप्पा, हे आवरण, वरची त्वचा आणि स्तनाखालची घडी हे सगळं मिळून इम्प्लांटला जागेवर ठेवतं.

यातली स्तनाखालची घडी सगळ्यात महत्त्वाची. तिथे त्वचा आतल्या पडद्यांशी घट्ट बांधलेली असते. मूळ शस्त्रक्रियेत कप्पा करताना ही बांधणी सुटली, किंवा मोठं इम्प्लांट बसावं म्हणून मुद्दाम खाली उतरवली आणि नंतर नीट बांधली नाही, तर खालचा आधारच जातो. सिलिकॉन जेलचं वजन साधारण आकारमानाएवढंच असतं, म्हणजे 400 सीसीचं इम्प्लांट जवळपास 400 ग्रॅमचं. दोन्ही बाजू मिळून पाऊण किलोहून जास्त वजन पातळ त्वचेवर रात्रंदिवस लटकत असतं.

त्यामुळे इम्प्लांट सरकलं की बहुतेक वेळा बिघडलेला असतो तो कप्पा. इम्प्लांट फुटलेलं नसतं, सदोषही नसतं. जुनं काढून त्याच कप्प्यात तेवढंच नवं घातलं, तर काही महिन्यांत तेही त्याच वाटेने जाईल. सल्ल्याच्या पहिल्या भेटीत ‘इम्प्लांट बदलू या’ एवढंच सांगितलं जात असेल आणि ‘हे का सरकलं’ यावर चर्चाच होत नसेल, तर माझ्या मते दुसऱ्या सर्जनचं मत घ्यायला हवं.

आधी हे सरकलंय का, ते पाहू

शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या आठवड्यांत इम्प्लांट वर चढल्यासारखी दिसणं अगदी सामान्य आहे. स्नायू आखडलेला असतो, सूज असते, खालची त्वचा अजून ताणलेली नसते. तीन ते सहा महिन्यांत ती हळूहळू खाली येऊन बसतात, आणि दोन्ही बाजू एकाच वेगाने येतील असंही नाही. उताणं झोपल्यावर इम्प्लांट थोडी बाहेरच्या बाजूला जाणं हेही स्वाभाविक आहे, नैसर्गिक स्तनही तसेच पसरतात. म्हणून घाई नको. सहा महिने झाल्याशिवाय, आवरण पक्कं झाल्याशिवाय बहुतेक सर्जन दुरुस्तीला हात घालत नाहीत.

याला अपवाद आहेत. एक बाजू अचानक सुजली, लाल झाली, ताप आला, जखमेतून पाणी आलं, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे. शस्त्रक्रियेला काही वर्षं उलटल्यावर एका बाजूला अचानक पाणी भरून स्तन मोठा झाला, तर तोही फक्त जागेचा प्रश्न समजू नये. ते पाणी सुईने काढून तपासावं लागतं. कारण पुढे येईलच.

खाली घसरलेलं इम्प्लांट

हा सगळ्यात जास्त दिसणारा प्रकार, म्हणून यावर जरा थांबू.

खूण अशी: स्तनाग्र वर आभाळाकडे पाहायला लागतं आणि त्याच्या खालचा भाग लांब, जड होतो. मूळ छेद स्तनाखालच्या घडीत घेतला असेल तर तो व्रण आता घडीत राहत नाही, वर सरकून स्तनाच्या पोटावर दिसू लागतो. खरं तर व्रण तिथेच असतो, घडी खाली गेलेली असते. कधी इम्प्लांट जुन्या घडीच्या खाली उतरतं पण जुनी घडी पूर्ण सुटलेली नसते, तेव्हा स्तनाच्या खालच्या भागावर आडवी रेघ पडून दोन फुगवटे दिसतात.

दुरुस्तीची मुख्य पद्धत म्हणजे आवरणाला टाके घालून कप्पा लहान करणं. सैल झालेला ब्लाउज शिंपी आतून टीप मारून अंगाबरोबर करतो, त्याच जातीचं हे काम. फरक एवढाच की कापड टीप मारली की तिथे राहतं, शरीर राहीलच असं नाही, आणि सर्जनचं कौशल्य इथेच पणाला लागतं.

पूर्ण भूल दिली जाते. शक्यतो जुन्या व्रणातूनच आत जातात, इम्प्लांट बाहेर काढतात, ते फुटलंय का पाहतात. मग घडी मुळात कुठे हवी होती ती रेषा बाहेरून आणि आतून जुळवतात. इथे एक बारकावा आहे. इम्प्लांटभोवतीच्या आवरणाचा आतला पृष्ठभाग गुळगुळीत असतो, आणि दोन गुळगुळीत पृष्ठभाग नुसते एकमेकांना शिवले तर ते जुळून येत नाहीत. आज ना उद्या टाक्यांवरचा ताण वाढतो आणि टाके पेशींतून कापत निघतात. म्हणून जो भाग बंद करायचा तिथलं आवरण कॉटरीने म्हणजे विजेच्या उपकरणाने खरवडतात, किंवा त्याची पट्टी कापून काढतात, जेणेकरून दोन ओले, ताजे पृष्ठभाग एकमेकांना भिडतील आणि खऱ्या अर्थाने भरून येतील. टाके कायमचे न विरघळणारे किंवा फार सावकाश विरघळणारे वापरतात, बहुतेकदा दोन ओळींत. खाली ते छातीच्या पिंजऱ्यावरच्या मजबूत पडद्याला धरवतात.

मग टेबलाचा पाठीकडचा भाग उचलून रुग्णाला भुलेतच बसतं करतात. आडवं असताना छान दिसणारी जुळणी बसल्यावर फसलेली असू शकते, कारण गुरुत्वाकर्षण तेव्हाच काम करतं. दोन्ही बाजू बसत्या स्थितीत ताडून मगच शेवटचे टाके पडतात.

कप्पा थोडासाच सैल असेल तर टाक्यांऐवजी किंवा टाक्यांबरोबर कॉटरीने आवरणावर जागोजागी डाग देऊन ते आकसवतात. काम झटपट होतं, पण त्वचा आणि आवरण फार पातळ असेल तर भाजण्याची भीती असते. जड इम्प्लांट आणि सैल त्वचा असेल तर एवढ्यावर भागत नाही.

आणि आकार. खाली घसरलेल्या बहुतेक प्रकरणांत सर्जन लहान इम्प्लांट सुचवतात, आणि बहुतेक स्त्रियांना ते ऐकायला आवडत नाही. पण जो भार पेशींना एकदा पेलला नाही तो शिवलेल्या पेशींना पेलेल अशी अपेक्षा कशी करायची? आकार तोच हवा असेल तर बाहेरून आधाराची जोड द्यावी लागते. तिच्याकडे नंतर येऊ.

मध्यभागी आलेलं आणि काखेकडे गेलेलं

दोन्ही इम्प्लांट छातीच्या मधल्या हाडाकडे सरकून जवळ येतात, मधली त्वचा हाडापासून उचलली जाते आणि दोन स्तनांमधली दरी नाहीशी होते. दुरुस्तीला सगळ्यात अवघड प्रकार हाच. कारणं साधारणपणे अशी: छातीच्या रुंदीपेक्षा रुंद इम्प्लांट, ‘क्लीव्हेज’ मिळवण्याच्या नादात आतल्या बाजूला नको इतका मोठा केलेला कप्पा, आणि छातीचा स्नायू हाडापासून जास्त सोडवलेला असणं. कधी छातीचं हाड जन्मतः आत गेलेलं असतं, मग इम्प्लांट उताराने मधे येतात. क्लीव्हेज हा ब्रा आणि त्वचेचा खेळ आहे, कप्पा आत ओढून तो मिळवायला गेलं की असं होतं.

मधल्या हाडावर शिवायला फारसं मांस नसतं. त्वचा पातळ असते, नुसते टाके तिथे बाहेरून खळगे पाडतात आणि सुटतातही. म्हणून आता अनेक सर्जन नवा कप्पा करण्याकडे वळले आहेत. जुन्या आवरणाची पुढची भिंत स्नायूपासून अलगद सोडवायची. स्नायू आणि ती भिंत यांच्या मधे, नेमका इम्प्लांटएवढा नवा कप्पा तयार करायचा. जुनी पोकळी चपटी करून तिची पुढची आणि मागची भिंत एकमेकींना शिवून टाकायची. इम्प्लांटला आता जुन्या पोकळीत जायला वाटच उरत नाही, आणि नव्या कप्प्याच्या कडा हव्या तिथेच थांबतात, कारण त्या पुढे कापलेल्याच नसतात. खाली घसरलेल्या आणि बाहेर गेलेल्या इम्प्लांटसाठीही ही पद्धत वापरतात. अट एकच, आवरण पुरेसं जाड आणि धड असायला हवं.

बिघाड फारच असेल तर दोन टप्प्यांत काम करावं लागतं: आधी इम्प्लांट काढून पोकळ्या बंद करायच्या, पेशींना काही महिने भरू द्यायचं, आणि मग पुन्हा, सहसा अरुंद, इम्प्लांट घालायची. मधले महिने सपाट छातीने काढणं मनाला जड जातं, पण बिघडलेल्या पेशींवर तिसऱ्यांदा टाके घालण्यापेक्षा ते बरं.

काखेकडे सरकलेल्या इम्प्लांटची गोष्ट त्यामानाने सोपी. झोपल्यावर ती काखेत जातात, हात खाली घेतला की अडकल्यासारखं वाटतं, मधे रुंद दरी पडते. छातीचा पिंजरा बाजूंना उतरता असेल तर हे जास्त होतं, आणि स्नायूखालची इम्प्लांट दर आकुंचनासोबत बाहेर ढकलली जात असतात. इथे बाहेरच्या बाजूचा कप्पा टाक्यांनी बंद करतात. पण इम्प्लांटला आत सरकायला जागा हवी, म्हणून आतल्या बाजूचं आवरण थोडं मोकळंही करावं लागतं. ते किती करायचं यात जरा चूक झाली की वर सांगितलेला मधला बिघाड ओढवतो. ट्रान्स स्त्रियांमध्ये छातीचा पिंजरा बऱ्याचदा रुंद आणि स्तनाग्रं एकमेकांपासून दूर असतात, तिथे मधली दरी कितपत भरता येईल हे सर्जनने आधीच स्पष्ट सांगायला हवं.

वर चढलेलं, फिरलेलं, उलटलेलं

सहा महिन्यांनंतरही इम्प्लांट वरच असेल, स्तन कडक आणि गोल गरगरीत वाटत असेल, तर आवरण आकसलं असण्याची शक्यता जास्त. डॉक्टर याच्या चार पायऱ्या मोजतात. पहिलीत सगळं मऊ असतं, तिसरीत कडकपणा हाताला लागतो आणि डोळ्यांना दिसतो, चौथीत दुखतंही. तिसऱ्या-चौथ्या पायरीला मालिशने काही होत नाही. पूर्वी डॉक्टर दोन्ही हातांनी स्तन जोरात दाबून आवरण फोडायचे. त्यात इम्प्लांटच फुटायचं, म्हणून ती पद्धत मागे पडली. कुणी आजही सुचवत असेल तर नको म्हणा.

इथली शस्त्रक्रिया घसरलेल्याच्या उलट: कप्पा मोठा करायचा. आवरण जागोजागी कापून सोडवतात किंवा काही वेळा पूर्ण काढून टाकतात. आवरण आकसण्यामागे इम्प्लांटवर चिकटलेल्या जिवाणूंचा पातळ थर असू शकतो, त्यामुळे जुनं इम्प्लांट परत न घालता नवं घालतात आणि शक्य तर जागाही बदलतात.

गोल इम्प्लांट स्वतःभोवती फिरलं तरी बाहेरून काही कळत नाही. थेंबाच्या आकाराचं फिरलं तर जाड बाजू भलतीकडे जाते. कप्पा इम्प्लांटपेक्षा मोठा असणं हेच बहुधा कारण. थेंब परत सरळ करून सैल कप्प्यातच ठेवण्यात अर्थ नाही, नवा घट्ट कप्पा करावा किंवा सरळ गोल इम्प्लांट घ्यावं. गोल इम्प्लांट कधी पुढचं मागे असं उलटतं आणि स्तन पुढून चपटा दिसतो. ते काही वेळा डॉक्टर बाहेरून हाताने परतवू शकतात, पण वारंवार झालं तर कप्पा लहान करावाच लागतो.

कधी इम्प्लांट जागेवर असतं आणि स्तन घसरलेला असतो. गरोदरपण, स्तनपान, वजन कमी होणं, वय यांमुळे स्तनाची ऊती खाली येते आणि इम्प्लांट वर तसंच राहतं. इथे कप्प्याला हात लावून उपयोग नाही. स्तन उचलण्याची शस्त्रक्रिया लागते: स्तनाग्र वर घेऊन जादा त्वचा काढतात, व्रण स्तनाग्राभोवती आणि तिथून खाली येतो. सरकलेलं इम्प्लांट आणि ओघळलेला स्तन यांतला फरक आरशात कळेलच असं नाही. घडी, स्तनाग्र आणि इम्प्लांटची खालची कड यांची मापं घेऊनच तो ठरतो.

स्नायूच्या खालून वर

स्नायूखाली इम्प्लांट असलेल्या काहींना वेगळाच त्रास असतो. दार ढकललं, पोळ्या लाटल्या, जिममध्ये पुशअप्स काढले की स्तन उडी मारल्यासारखा वर-बाहेर सरकतो. स्नायू आकुंचन पावताना इम्प्लांटला ढकलत असतो. यावर उपाय म्हणजे इम्प्लांट स्नायूखालून काढून त्याच्या वर ठेवणं आणि सोडवलेला स्नायू परत छातीच्या भिंतीला शिवणं. व्यायामपटू, योगशिक्षिका किंवा हातांनी जड काम करणाऱ्यांना याने खरा फरक पडतो. मात्र स्नायूचं पांघरूण गेलं की इम्प्लांटच्या कडा आणि सुरकुत्या पातळ त्वचेखाली दिसू शकतात. म्हणून अशा वेळी पोट-मांडीवरची चरबी काढून वरच्या भागात भरतात किंवा आधाराची पट्टी घालतात.

ही आधाराची पट्टी दोन प्रकारची. एक, माणसाच्या किंवा प्राण्याच्या त्वचेतून सगळ्या पेशी काढून टाकून उरलेला जाळीदार पडदा. आपल्या पेशी हळूहळू त्यात शिरतात आणि तो आपलाच होतो. माणसाच्या त्वचेपासूनचा पडदा देहदानातून येतो, इतर काही डुकराच्या किंवा गाईच्या त्वचेपासून बनतात. आपल्याकडे अनेकींना हे आधी माहीत असणं महत्त्वाचं वाटतं, आणि शस्त्रक्रियेनंतर कळलं तर मनस्ताप होतो. संमतिपत्रावर सही करण्याआधी स्पष्ट विचारा, त्यात संकोच कसला. दोन, कृत्रिम जाळी. काही जाळ्या महिन्यांत विरघळतात, काहींना वर्ष-दोन वर्षं लागतात, काही कायमच्या. पट्टी खाली घडीला आणि वर स्नायूला किंवा आवरणाला शिवली की इम्प्लांटचा भार नुसत्या त्वचेवर न येता तिच्यावर विभागला जातो.

यामुळे दुरुस्ती टिकण्याची शक्यता वाढते, असा बहुतेक सर्जनचा अनुभव. पण खर्च बराच वाढतो, पाणी साठण्याचा आणि जंतुसंसर्गाचा धोका असतो. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधं आणि वैद्यकीय उपकरणांना मान्यता देणाऱ्या सरकारी संस्थेने, 2021 मध्ये स्पष्ट केलं की इम्प्लांटने होणाऱ्या स्तनपुनर्रचनेसाठी अशा त्वचेच्या पडद्यांना तिने खास मान्यता दिलेली नाही, आणि काही पडद्यांसोबत गुंतागुंत जास्त दिसते. सर्जन ते आपल्या वैद्यकीय विवेकाने वापरतात. हे बेकायदेशीर नाही, पण रुग्णाला ते ठाऊक असावं.

खडबडीत इम्प्लांटचं काय झालं

एकेकाळी सरकण्यावरचा सोपा उपाय म्हणजे खडबडीत पृष्ठभागाचं इम्प्लांट. पेशी त्या खडबडीत पृष्ठभागात रुतायच्या आणि ते जागेवर राहायचं. डेक्रॉनच्या चकत्यांचीच ही सुधारलेली आवृत्ती म्हणा ना. मग अशा इम्प्लांटभोवतीच्या आवरणात आणि पाण्यात लिम्फोमाचा एक दुर्मीळ प्रकार सापडू लागला. हा स्तनाचा नव्हे, रोगप्रतिकारक पेशींचा कर्करोग. एफडीएने 2011 मध्ये पहिल्यांदा या संबंधाची शक्यता सांगितली. एप्रिल 2019 मध्ये फ्रान्सने जास्त खडबडीत आणि पॉलियुरेथेनचा थर असलेल्या इम्प्लांटवर बंदी घातली, आणि जुलै 2019 मध्ये अ‍ॅलर्गन कंपनीने आपली बायोसेल पृष्ठभागाची इम्प्लांट जगभरातून परत घेतली.

कित्येक वर्षांनी एका बाजूला पाणी भरलं तर ते तपासायला हवं असं वर म्हटलं, ते यामुळेच. हा आजार लवकर सापडला तर इम्प्लांट आणि आवरण पूर्ण काढून बहुतेकदा बरा होतो. आत खडबडीत इम्प्लांट आहे पण काही त्रास नाही, तर केवळ भीतीपोटी काढायची गरज नाही, असंच एफडीएचं मत आहे. पण सरकल्यामुळे शस्त्रक्रिया होणारच असेल, तर जुनं कोणत्या पृष्ठभागाचं होतं हे पाहून ते बदलण्याचा निर्णय त्याच वेळी घेता येतो.

दुरुस्तीच्या शस्त्रक्रियेतून एक आधार असा निघून गेला. गुळगुळीत इम्प्लांटचा वापर वाढला, ती कप्प्यात मोकळी हलतात, आणि नेमका कप्पा करणं, टाके, पट्ट्या यांचं महत्त्व त्याच प्रमाणात वाढलं.

कर्करोगानंतरची पुनर्रचना

भारतात स्त्रियांमध्ये सर्वाधिक आढळणारा कर्करोग स्तनाचाच. स्तन काढल्यावर इम्प्लांटने पुनर्रचना झालेल्यांमध्ये इम्प्लांट सरकण्याचा प्रश्न वेगळ्या वळणाने येतो. वर स्तनाची ऊती नसते, फक्त त्वचा. शिवाय रेडिएशन झालं असेल तर त्वचा आणि आवरण ताठर, कमी रक्तपुरवठ्याचं बनतं. असं आवरण आकसतं, इम्प्लांटला वर ओढतं, आणि त्यावर घातलेले टाके नीट भरत नाहीत.

अशा छातीवर पुन्हा पुन्हा कप्पा शिवत बसण्यापेक्षा शरीराच्या दुसऱ्या भागातली जिवंत ऊती आणणं शहाणपणाचं ठरतं. पाठीचा रुंद स्नायू त्वचेसकट काखेखालून फिरवून पुढे आणतात आणि गरज असेल तर त्याच्याखाली लहान इम्प्लांट ठेवतात. किंवा पोटाखालची त्वचा आणि चरबी, तिच्या बारीक रक्तवाहिन्यांसकट, छातीतल्या रक्तवाहिन्यांना सूक्ष्मदर्शकाखाली जोडतात. दुसऱ्या पद्धतीत इम्प्लांट लागतच नाही, म्हणजे सरकायला काही उरत नाही. शस्त्रक्रिया लांब चालते, पोटावर मोठा व्रण राहतो, आणि तिला सूक्ष्म शस्त्रक्रियेचा सराव असलेला चमू लागतो. मोठ्या कर्करोग रुग्णालयांत तो असतो, छोट्या कॉस्मेटिक क्लिनिकमध्ये सहसा नसतो.

काढूनच टाकलं तर?

हा पर्याय बऱ्याचदा सर्वांत शेवटी, कसाबसा सांगितला जातो. तसं व्हायला नको. इम्प्लांट आयुष्यभराची नसतात. एफडीएने 2011 मध्ये सांगितल्यानुसार, स्तनांचा आकार वाढवण्यासाठी घातलेल्यांपैकी पाचात एकीला आणि पुनर्रचनेसाठी घातलेल्यांपैकी दोघींत एकीला 10 वर्षांत इम्प्लांट काढावी लागतात. दुसरी, तिसरी दुरुस्ती समोर असेल, मुलं झाली असतील, वय आणि आवडनिवड बदलली असेल, तर काढून टाकणं ही हार नाही. इम्प्लांटसोबत गरज असेल तर आवरण काढतात, स्तन उचलतात, थोडी चरबी भरतात. स्तन आधीपेक्षा लहान आणि थोडे सैल दिसतील, हे मात्र मान्य करावं लागतं.

काहीच न करणं हाही पर्याय आहे. किंचित बाहेर गेलेलं, न दुखणारं, फुटलेलं नसलेलं इम्प्लांट तब्येतीला अपाय करत नाही.

ठरवण्याआधी हाताशी काय हवं

पहिल्या शस्त्रक्रियेची टिपणं आणि इम्प्लांटचं कार्ड. त्यावर कंपनी, आकार, पृष्ठभाग आणि क्रमांक असतो. कार्ड हरवलं असेल तर रुग्णालयाच्या नोंदींतून स्टिकर मिळू शकतो. कप्पा स्नायूच्या वर होता की खाली, पट्टी घातली होती का, हे नव्या सर्जनला माहीत असलं तर अर्धं काम होतं. इम्प्लांट फुटलंय का हे सोनोग्राफी किंवा एमआरआयवर दिसतं. सिलिकॉन इम्प्लांटसाठी एफडीए लक्षणं नसली तरी 5-6 वर्षांनी आणि पुढे दर 2-3 वर्षांनी अशी तपासणी सुचवते.

सर्जनकडे प्लॅस्टिक सर्जरीतली एमसीएच किंवा डीएनबी पदवी आहे का पाहा, महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे नोंदणी तपासता येते. दुरुस्ती ही पहिल्या शस्त्रक्रियेपेक्षा कठीण असते, त्यामुळे अशा किती दुरुस्त्या केल्या आणि त्यांतल्या किती पुन्हा सरकल्या, हे थेट विचारा. ‘एकही नाही’ असं उत्तर आलं तर सावध व्हा. धूम्रपान असेल तर आधी काही आठवडे बंद करावं लागेल, जखम भरण्यावर त्याचा थेट परिणाम होतो.

नंतरचे सहा आठवडे जड उचलणं, हात डोक्यावर नेऊन कामं, पोहणं, छातीचे व्यायाम बंद. बादली, गॅस सिलिंडर, कडेवरचं मूल हे सगळं ‘जड’ मध्ये येतं, घरच्यांना आधीच सांगून ठेवा. घडी दुरुस्त केली असेल तर तिला आधार देणारी ब्रा किंवा चिकटपट्टी, मधली दरी दुरुस्त केली असेल तर मधोमध दाब देणारी खास ब्रा दिवसरात्र वापरावी लागते, आणि इथे टाळाटाळ झाली की टाके सुटतात. सगळं नीट करूनही काहींचं इम्प्लांट पुन्हा सरकतं.

पैशांची गोष्ट. सौंदर्यासाठीच्या शस्त्रक्रियेवर आपल्याकडे जीएसटी लागतो. जन्मजात दोष, वाढीतला दोष किंवा इजा यांमुळे बिघडलेली शरीररचना पूर्ववत करण्यासाठीच्या शस्त्रक्रियेला सूट आहे. आरोग्यविम्याच्या नेहमीच्या अटींत कॉस्मेटिक शस्त्रक्रिया वगळलेली असते, पण अपघात, भाजणं किंवा कर्करोग यांनंतरची पुनर्रचना त्या वगळणीतून बाहेर ठेवलेली आहे. कर्करोगानंतर बसवलेलं इम्प्लांट सरकलं असेल तर ही दुरुस्ती त्या पुनर्रचनेचाच भाग आहे आणि वैद्यकीयदृष्ट्या का आवश्यक आहे, हे सर्जनच्या पत्रात स्पष्ट लिहून घ्या. मूळ शस्त्रक्रियेचे कागद आणि कर्करोगाचा अहवाल त्याला जोडा आणि विमा कंपनीची पूर्वमंजुरी हातात आल्यावरच तारीख ठरवा.